कार्षापण: वजन, नाणे की हिशेबाचा आकडा?

प्रश्न: ‘कार्षापण’चा अर्थ कुठे ८० गुंजांचे वजन, कुठे चांदीचे नाणे असा मिळतो. ‘पण’ तर कुठे ८० कवड्यांचा! जुन्या लेखाचा मराठी अनुवाद करताना काय धरायचे?

उत्तर: लेखाचा काळ आणि धातू पाहून ठरवायचे. कर्ष हे मुळात वजन: १६ माष, म्हणजे ८० गुंजा. ‘पण’ म्हणजे सौदा. आपण (बाजार), पण्य, विपणन ही त्याच घरातली मंडळी. मनुस्मृतीत कर्षभर तांब्याला कार्षापण म्हटले आहे. चांदीचा तराजू वेगळा. तिथे २ गुंजांचा माषक, १६ माषकांचे म्हणजे ३२ गुंजांचे ‘धरण’ नावाचे वजन. त्यालाच पुराण असेही नाव. व्यवहारात मात्र चांदीच्या तुकड्यालाही सर्रास कार्षापणच म्हणत, प्राकृतात ‘कहापण’. ३२ गुंजा म्हणजे साधारण साडेतीन ग्रॅम. आज हाती येणारी नाणी झिजून त्याहून थोडी हलकी भरतात.

उपप्रश्न: या नाण्यांना काही जण ‘छिद्रांकित’ म्हणतात, काही ‘आहत’. योग्य कोणते?

उत्तर: आहत, म्हणजे ठोकून ठसा उमटवलेले. भोक कुठेच नसते. पाणिनीनेही ‘रूप्य’ शब्द साधताना ‘आहत’च वापरला आहे: ‘रूपादाहतप्रशंसयोर्यप्’. घडण समजली की शब्द पटतो. चांदीचा पत्रा ठोकायचा, पट्ट्या कापायच्या, पट्ट्यांचे तुकडे करायचे आणि एकेक तुकडा तोलायचा. जड भरला तर कोपरा छाटायचा. म्हणून आकार वेडेवाकडे, पण वजन नेटके. मग एकेक ठसा स्वतंत्रपणे मारायचा; मौर्यकाळात दर्शनी बाजूला पाच. ठसे एकमेकांवर चढतात, अर्धे कडेबाहेर जातात. त्यामुळे एकाच नाण्यावरून पाचही चिन्हे ओळखायला जाऊ नये, त्याच प्रकारची चार-पाच नाणी शेजारी ठेवावीत.

राजाचे नाव नाही, किमतीचा आकडा नाही. मग घेणारा विश्वास कशावर ठेवी? वजनावर, ठशांवर आणि पारख्यावर. कौटिल्याच्या अर्थशास्त्रातल्या चांदीच्या पणात १६ भागांपैकी ४ भाग तांबे आणि १ भाग कथील, शिसे यांसारखी भर. चांदी उरते ११ भाग. नाणी तपासायला रूपदर्शक नावाचा अधिकारी, आणि परीक्षेची फी शंभराला एक अष्टमांश. खोट्या नाण्यात आत तांबे आणि वर चांदीचा मुलामा असे. कडेला छिन्नीचा घाव घातला की तांबे उघडे पडे. तसा घाव असलेले जुने नाणे ‘खराब’ म्हणून बाजूला टाकू नका, तो पारखीचा पुरावा आहे. आणि चिंच-लिंबाने घासू तर अजिबात नका. वजनही जाते आणि मागचे बारीक ठसेही.

पुरवणी: हिशेबाचे उत्तम उदाहरण नाशिकच्या पांडवलेण्यांत, १० क्रमांकाच्या लेण्यातल्या शिलालेखात आहे. क्षत्रप राजा नहपान याचा जावई उषवदात याने ३,००० कहापण विणकरांच्या श्रेणींकडे (व्यावसायिक संघांकडे) ठेवले. त्यातले २,००० दरमहा शेकडा १ दराने. वर्षाचे व्याज २४०. ते २० भिक्षूंना प्रत्येकी १२ कहापण चीवरासाठी, म्हणजे वस्त्रासाठी. मूळ रकमेला हात लावायचा नाही, फक्त व्याज खायचे, असेही लेख बजावतो. त्याच लेखात ७०,००० कहापण म्हणजे २,००० सुवर्ण (सोन्याची नाणी), ३५ कहापणांचा एक सुवर्ण, असा दर दिला आहे.

इथे एक खाचखळगा आहे. नहपानाचा स्वतःचा चांदीचा शिक्का २ ग्रॅमच्या थोडा वर भरतो. तेव्हा या लेखातला कहापण ३२ गुंजांचा धरून थेट चांदीचे वजन काढले तर सोन्या-चांदीचा भाव पार चुकेल. नहपानाच्या शिक्क्यांचे पुढे काय झाले, हेही बोलके आहे. १९०६ साली नाशिकजवळच्या जोगलटेंभीला सापडलेल्या तेरा हजारांहून अधिक नाण्यांपैकी नऊ हजारांहून अधिक नाण्यांवर सातवाहन राजा गौतमीपुत्र सातकर्णीचे ठसे पुन्हा मारलेले आहेत. वितळवण्याचा खर्च नाही, घट नाही. चांदी तीच, हमी नवी.

राहिलेला प्रश्न, कवड्यांचा: तो अर्थ बाराव्या शतकातल्या ‘लीलावती’ या भास्कराचार्यांच्या गणितग्रंथातल्या कोष्टकाचा. २० कवड्यांची काकिणी, ४ काकिण्यांचा पण, १६ पणांचा द्रम्म, १६ द्रम्मांचा निष्क. तिथला पण नाशिकच्या लेखात घालू नये. अनुवादात ‘रुपये’ही लिहू नये, ‘कार्षापण’ तसाच ठेवून तळटीपेत धातू आणि काळ द्यावा.