२०१२ ची ५२०डी: पार्किंगचा बीप मला ऐकू येत नाही, नवऱ्याला येतो

प्रभादेवीकर:

नमस्कार मंडळी. जरा सविस्तर लिहिते, कारण अर्धवट विचारलं तर उत्तरंही अर्धवटच येतात.

दिवाळीच्या आधी सेकंडहँड बीएमडब्ल्यू ५२०डी घेतली. २०१२ ची, एमएच-०१ पासिंग, एकाच मालकाने वापरलेली. हौस होतीच, पण खरं कारण बाबा. उंच गाडीत चढायला त्यांचे गुडघे आता साथ देत नाहीत आणि छोट्या गाडीत पाय दुमडून बसवत नाही. या गाडीच्या मागच्या सीटवर पुण्याला आत्याकडे जाताना खोपोली यायच्या आत त्यांना छान झोप लागते. ते बघितलं की मला गाडीचे सगळे पैसे वसूल झाल्यासारखे वाटतात.

गाडीबरोबर दोन्ही चाव्या मिळाल्या, माहितीपुस्तिका मात्र नाही. विकणाऱ्याला काहीही विचारलं की "सगळं आहे मॅडम, फुल लोडेड आहे" एवढंच. काय काय आहे आणि ते कुठे दडलंय, हे त्यालाही माहीत नव्हतं.

पहिली गोष्ट पार्किंगची. मी रिव्हर्स टाकला की पडद्यावर गाडीचं चित्र येतं, हिरवे-पिवळे-लाल पट्टेही सरकतात, पण बीप इतका बारीक की एसीचा पंखा चालू असला तर ऐकूच येत नाही. तीच गाडी नवरा लावतो तेव्हा बीप वॉचमनच्या केबिनपर्यंत जातो. शिवाय तो रिव्हर्स टाकतो तेव्हा डावा आरसा आपोआप खाली झुकतो आणि मागचं चाक, फुटपाथची कड दिसते. माझ्या वेळी आरसा जागचा हलत नाही. सेन्सर खराब असतील तर दोघांनाही सारखाच त्रास व्हायला हवा ना?

दुसरं, फोन ब्लूटूथला जोडला की कॉल येतात-जातात, पण गाणं फोनमध्येच वाजतं. आर्मरेस्टमधल्या ऑक्सला वायर लावली तर गाडीत वाजतं, पण आवाज पोकळ, खालचा स्वर नाहीच.

तिसरं जरा विचित्र आहे. पडद्याखाली १ ते ८ अशी बटणं आहेत. मला वाटलं रेडिओ स्टेशनची असतील. ४ दाबलं तर नकाशा पेडर रोडवरच्या कुठल्यातरी इमारतीचा रस्ता दाखवायला लागला. बाबांना एएमवर अस्मिता वाहिनी लागते, त्यासाठी एक बटण ठरवून द्यायचं आहे, पण या बटणांना हात लावायची आता भीती वाटते.

एका अ‍ॅक्सेसरीजवाल्याने कंपनीचा पडदा काढून अँड्रॉइडचा बसवायला सांगितलं. दुसरा म्हणतो लॅपटॉप लावून कोडिंग करू, सगळं "खुलेल". मला गाडी आहे तशी ठेवायची आहे. कुणाला अनुभव आहे का?

साडेसातची_फास्ट:

ब्लूटूथच्या नादी लागू नका. पेनड्राइव्ह फॅट३२ मध्ये फॉरमॅट करा, एमपीथ्री भरा, आर्मरेस्टमधल्या यूएसबीला लावा. माझ्या जुन्या ३ सिरीजमध्ये वर्षानुवर्षं हेच चालू आहे. फ्लॅक (गाण्यांचा दुसरा एक फाइल प्रकार) फायली मात्र भरू नका, त्या काळच्या गाड्या वाचत नाहीत.

जर्मन_पाना:

ताई, अँड्रॉइडचा पडदा अजिबात बसवू नका आणि कोडिंगवाल्यालाही अजून पैसे देऊ नका. माझी बरीच वर्षं याच गाड्यांच्या कामात गेली. एफ१० (तुमच्या गाडीच्या पिढीचं नाव) ही फार विचाराने बनवलेली गाडी आहे. तुम्ही लिहिलंय त्यात मला बिघडलेलं असं काहीच दिसत नाही.

आधी आरसी काढा. त्यावर १७ अक्षरांचा चेसिस नंबर असतो. त्यातली शेवटची ७ अक्षरं नेटवरच्या बीएमडब्ल्यूच्या व्हिन डिकोडरमध्ये (चेसिस नंबरवरून गाडीची माहिती देणाऱ्या साइटवर) टाका. कारखान्यातून गाडी काय काय घेऊन निघाली त्याची यादी मिळेल, कोडसकट. त्यात ५०८ असेल तर पुढे-मागे दोन्हीकडे पार्किंग सेन्सर, ५०७ असेल तर फक्त मागे. ३एजी म्हणजे मागचा कॅमेरा. ४३० म्हणजे मागच्या दिव्यांची चकाकी आपोआप कमी करणारे आरसे. ६७६ हायफाय स्पीकर, ६८८ हार्मन कार्डन कंपनीचे स्पीकर. ५डीपी असेल तर गाडी समांतर पार्किंगमध्ये स्टिअरिंग स्वतः फिरवते. हा शेवटचा कोड नसेल तर कुणी "कोडिंगने चालू करून देतो" म्हणालं तरी ऐकू नका. त्यासाठी गाडीच्या बाजूंना वेगळे सेन्सर लागतात. ते नसतील तर लॅपटॉप काय करणार? विकणाऱ्याचं "फुल लोडेड" एका बाजूला आणि ही यादी एका बाजूला, मी कायम यादीवर विश्वास ठेवतो. फक्त तो नंबर इथे उघड टाकू नका.

आता बीप. माझ्या मते उत्तर चावीत आहे. ही गाडी कुठल्या चावीने उघडली ते ओळखते आणि त्या चावीचं प्रोफाइल लावते. पार्किंगच्या बीपचा आवाज, १ ते ८ बटणं, गाण्याचा बेस-ट्रेबल, कॅमेऱ्याचं चित्र, हे सगळं चावीनुसार वेगळं राहतं. तुमच्याकडे बहुतेक जुन्या मालकाची रोजची चावी आली आहे. त्यांना बीपचा त्रास होत असेल, त्यांनी तो कमी केला. साहेबांकडे कपाटात पडून असलेली चावी आली, तिच्यावर सगळं कारखान्याचं आहे. एक दिवस चाव्यांची अदलाबदल करून बघा, लगेच कळेल.

बीप वाढवायला सेटिंग्जमध्ये टोन, त्यात व्हॉल्यूम सेटिंग्ज, त्यात पीडीसी (म्हणजे हेच पार्किंग सेन्सर). तिथेच स्पीड व्हॉल्यूम दिसेल, म्हणजे गाडीचा वेग वाढला की गाण्याचा आवाज किती वाढावा ते. एक्सप्रेसवेला ते उपयोगी पडतं. पण माझा सल्ला, एकेक सेटिंग शोधत बसण्यापेक्षा सेटिंग्जमधल्या प्रोफाइल्समध्ये जाऊन तुमच्या चावीचं प्रोफाइल रीसेट करा. ब्लूटूथच्या यादीतले जुन्या मालकाचे फोन आणि नकाशातले त्यांचे पत्तेही वेगळे पुसा. त्यांच्या घराचा पत्ता तुमच्या गाडीत राहणं त्यांच्याही दृष्टीने बरं नाही.

बीपचा एक अंदाज ठेवा. सलग आवाज आला म्हणजे अंतर साधारण २५ सेंटिमीटरच्या आत. मागचे मधले सेन्सर दीड मीटरपर्यंत बघतात, कोपऱ्यातले ६० सेंटिमीटरपर्यंतच. म्हणून कोपऱ्यातला खांब उशिरा कळतो. आपल्या इमारतींच्या खालचे खांब नेमके कोपऱ्यातच येतात.

सेन्सर तपासायचेच असतील तर असं करा. एकाने आत बसून ब्रेक घट्ट दाबून रिव्हर्स टाकायचा, दुसऱ्याने गाडीच्या मागे उभं न राहता बाजूने वाकून बंपरवरच्या एकेका गोल टिकलीवर बोटाचं टोक ठेवायचं. चांगला सेन्सर बारीक थरथरतो, कान जवळ नेला तर टिकटिक ऐकू येते. मुका असेल तो मेला. पण तसा एक जरी मेला असता तरी पडद्यावर सूचना आली असती. हे उघड्यावर करा, बेसमेंटमध्ये इंजिन चालू ठेवून नको.

आरशाचा चावीशी संबंध नाही. दारावर डावा-उजवा आरसा निवडायची सरकपट्टी आहे ना, ती उजवीकडे, म्हणजे चालकाच्या आरशाकडे असेल तरच रिव्हर्सला डावा आरसा झुकतो. तुम्ही बसल्यावर शेवटी डावा आरसा नीट करत असाल आणि पट्टी तिथेच राहत असेल. उजवीकडे सरकवून ठेवा, झालं.

आता गाणी. टेलिफोनमध्ये ब्लूटूथच्या यादीत तुमचा फोन निवडा, ऑप्शन्समधून त्याची जुळणी उघडा. तिथे टेलिफोन आणि ऑडिओ अशा दोन वेगळ्या खुणा असतात. बहुतेकांची ऑडिओची खूण राहून जाते. तुमच्या फोनमध्येही गाडीच्या नावापुढे मीडिया ऑडिओ चालू हवा. मग सीडी/मल्टिमीडियामध्ये एक्स्टर्नल डिव्हाइसेस, तिथे ब्लूटूथ निवडल्यावरच गाणं सुरू होतं, आपोआप होत नाही. ऑडिओची खूणच दिसत नसेल तर त्या गाडीत ती सोय दिलेली नाही, तेव्हा ऑक्स आणि यूएसबी.

आवाज पोकळ येतो ते मात्र नीट बघा. या गाडीचे बेसचे स्पीकर दारात नाहीत, पुढच्या दोन्ही सीटांखाली आहेत. आधी प्रोफाइल रीसेट करून बेस मध्यावर येतो का बघा. मग सीट पूर्ण मागे घेऊन टॉर्च मारा. लोक तिथे छत्री, बाटल्या, कागद कोंबतात आणि स्पीकरचं तोंड दाबलं जातं. कधी पाण्यात गेलेली गाडी असेल तर हेच स्पीकर आधी फरफरतात. म्हणून जुनी गाडी बघायला जाताना मी पहिला हात सीटखाली घालतो. गालिचा ओलसर, कुबट किंवा रेल्सवर गंज दिसला तर इथे परत लिहा.

बटणांना घाबरू नका. एफ१० मधली माझी सगळ्यात आवडती गोष्ट ती आहे. त्यावर नुसतं स्टेशन नाही. फोन नंबर, नकाशातला पत्ता, मेनूतलं एखादं पान, काहीही ठेवता येतं. दाबायच्या आधी बोट नुसतं टेकवा, त्यावर काय आहे ते पडद्याच्या वरच्या कडेला लिहून येतं. बाबांसाठी रेडिओत एएम निवडा, ५५८ वर या, आवाज लागला की १ नंबर दाबून धरा, सूचनेचा आवाज आला की सोडा. लायटरच्या सॉकेटमध्ये स्वस्तातला मोबाइल चार्जर असेल तर तो काढा, एएमवर त्याचीच घरघर येते.

कांदिवली_टॉवर:

प्रभादेवीत म्हणजे स्टॅक पार्किंग (मशीनने एकावर एक गाड्या ठेवायची सोय) असणार, म्हणून लिहितो. आमच्याकडे एफ१० च आहे. गाडी ४.९ मीटर लांब आणि १.८६ मीटर रुंद, पण ती रुंदी आरसे सोडून. आरसे धरले तर जवळजवळ २.१ मीटर. प्लेटवर चढवण्याआधी आरसे मिटायचं बटण दाबा आणि मशीनवर लिहिलेली लांबी-रुंदी-वजनाची मर्यादा स्वतः वाचा, ऑपरेटरच्या "बसते साहेब" वर जाऊ नका. आत शिरलं की जाळी आणि खांबांमुळे सेन्सर सतत ओरडतात. गिअरजवळच्या पीडीसीच्या बटणाने तेवढ्यापुरतं बंद करता येतं. मी मात्र बंद करत नाही, चित्र बघत हळू जातो.

कॅमेरा असेल तर त्यातल्या रेषा चालू करून घ्या. दोन प्रकारच्या असतात. एक स्टिअरिंगबरोबर वळते, दुसरी वळण्याची हद्द दाखवते. समांतर लावताना वळणारी रेष हद्दीच्या रेषेवर येईपर्यंत स्टिअरिंग फिरवायचं आणि मग मागे जायचं. शिवाजी पार्कच्या कडेला मी असाच लावतो.

प्रभादेवीकर:

सगळ्यांचे मनापासून आभार. पानादादा, तुमचं प्रत्येक अक्षर खरं निघालं. चाव्या बदलल्या तर बीप नवऱ्याच्या वेळी गप्प आणि माझ्या वेळी जोरात. प्रोफाइल रीसेट केलं, फोन-पत्ते सगळे पुसले. यादीत ५०८, ३एजी, ४३० आहेत. ५डीपी नाही, त्यामुळे कोडिंगचा विषयच संपला. ऑडिओची खूण सापडली, गाणी वाजतात. डाव्या सीटखाली जुन्या मालकाची घडीची छत्री आणि वर्तमानपत्राची गुंडाळी होती. ती काढल्यावर तबल्याचा डग्गा ऐकू यायला लागला. बाबा म्हणाले, "आता बाया वाजतोय." गालिचा कोरडा आहे, रेल्स स्वच्छ.

अस्मिता वाहिनी १ नंबरवर. बाबा पुढच्या सीटवर बसले तर स्वतः दाबतात.

एक शेवटचं. दुपारी कुणी आडवी गाडी लावली की वॉचमन सगळ्यांना सांगतो, न्यूट्रलला ठेवा, हँडब्रेक लावू नका, म्हणजे ढकलता येईल. या गाडीत इंजिन बंद केलं की ती आपली पी (पार्क) मध्ये जाते. काही उपाय?

जर्मन_पाना:

आहे, पण रोजच्यासाठी नाही. कार वॉशसाठी दिलेली सोय आहे ती. ऑटो होल्ड (थांबल्यावर ब्रेक आपोआप धरून ठेवणारी सोय) बंद करा, हँडब्रेक सोडा, ब्रेकवर पाय ठेवून एन (न्यूट्रल) टाका आणि मग इंजिन बंद करा. गाडी एन मध्येच राहते, पण इग्निशन चालू राहतं, म्हणजे बॅटरी उतरते. आणि एन मध्ये असताना गाडी बाहेरून लॉक होत नाही. उघडी, ब्रेक नसलेली गाडी सोसायटीत सोडून वर जायचं नाही, अंगणात मुलं खेळतात. जमिनीला जरा जरी उतार असेल तर विचारही करू नका. वॉचमनला तुमचा नंबर देऊन ठेवा, आणि गाडी आडवी लावायची वेळ आलीच तर चावीसकट माणूस खाली हवा.

डग्गा ऐकू आला हे वाचून फार बरं वाटलं. बाबांना नमस्कार सांगा.