मदत हवी आहे: क्यू आहे, यू नाही, इंग्रजी शब्द कुठे शोधू?

वऱ्हाडी_ठेचा:
लोकहो, अर्जंट आहे. क्यू असलेले पण यू नसलेले इंग्रजी शब्द एका जागी कुठे मिळतील? गूगल केलं तर सगळीकडे क्वीन आणि क्विकच येतंय. मोठेमोठे नकोत, छोटे पाहिजेत. दर वेळी शेवटी क्यू हातात राहतो आणि तिथंच डाव जातो, जाम वैताग आलाय. रात्री परत बसायचंय तेव्हा प्लीज लवकर सांगा.

पमाकाकू:
वर्डल का रे? त्यात पाचच अक्षरं लागतात. मी रोज सकाळी चहाबरोबर खेळते. पहिला शब्द ए-डी-आय-ई-यू टाकायचा, चार स्वरांचा एकदम निकाल लागतो.

वऱ्हाडी_ठेचा:
नाही काकू, वर्डल नाही. बोर्डवाला.

गोटीराम:
म्हणजे स्क्रॅबल, बोर्डवर अक्षरांच्या सोंगट्या लावून शब्द जुळवायचा खेळ. डिक्शनरी कोणती, म्हणजे चालणाऱ्या शब्दांची यादी कॉलिन्सची का अमेरिकन? आणि यू फक्त तुझ्या हातात नाही, का बोर्डवरचाही वापरता येत नाही? दोन्ही वेगळे प्रश्न आहेत. बी-यू-आर-क्यू-ए किंवा एस-यू-क्यू, दोन्हीत क्यूनंतर यू नाही पण शब्दात यू आहेच.

वऱ्हाडी_ठेचा:
डिक्शनरी जी असते ती. फोनवर खेळतो, मावसभावासोबत, तो न्यू जर्सीला असतो. यू कुठंच नाही असं धरा ना, यादी द्या फक्त.

निशाचर_कोडर:
यादी मागत बसू नका, स्वतः काढायला शिका, मग उद्या झेड अडलं काय आणि एक्स अडलं काय, कोणाला विचारावं लागणार नाही. एनेबल नावाची शब्दांची टेक्स्ट फाईल फुकट मिळते, पावणेदोन लाखाच्या आसपास शब्द आहेत. एडिटरमध्ये उघडा, शोधताना रेग्युलर एक्स्प्रेशन (नमुना देऊन शोधायची सोय) चालू करा आणि क्यू[^यू] असं टाका, अक्षरं अर्थात इंग्रजी. चौकटी कंसातली टोपी म्हणजे 'हे सोडून काहीही'. झालं काम.

गोटीराम:
@निशाचर, झालं नाही. त्या पॅटर्नला क्यूनंतर एक तरी अक्षर लागतं, त्यामुळे शेवटी क्यू असलेले ओळीच्या टोकाचे शब्द निसटतात. टी-आर-ए-एन-क्यू गेलाच. शिवाय ती फाईल जुनी आहे, तिच्यात क्यू-आय नाही. अमेरिकन यादीत तो २००६ साली आला, आणि नेमका तोच सगळ्यात कामाचा. झिझिव्हा नावाचं सॉफ्टवेअर घ्या, स्पर्धेतले बरेच लोक ते वापरतात, त्यात लांबी, असलेली अक्षरं, नसलेली अक्षरं सगळं लावता येतं.

निशाचर_कोडर:
बरं, ओळीच्या शेवटाची अट जोडा, हाय काय नाय काय. पण एका डावासाठी आख्खं सॉफ्टवेअर टाकायला सांगणं जास्त होतंय.

सदाशिव_पेठ:
खेळताना सॉफ्टवेअर उघडणं ही शुद्ध फसवणूक आहे. आधी पाठ करा, मग बसा. आणि मराठी शब्दकोडी का सोडवत नाही कोणी?

गोटीराम:
आधी पाठ करायलाच तर सांगतोय. ठेचाभाऊ, हे घ्या, अमेरिकन आणि कॉलिन्स दोन्हीकडे चालतात: क्यू-आय, क्यू-ए-टी, क्यू-ए-आय-डी, क्यू-ओ-पी-एच, एफ-ए-क्यू-आय-आर. पाचांनाही पुढे एस लागतो. क्यू-आय नुसता ११ गुणांचा, पण क्यू तिप्पट अक्षराच्या घरात (जिथे त्या अक्षराचे गुण तिप्पट होतात) पडला आणि आडवा-उभा दोन्हीकडे क्यू-आय झाला तर ३१ दोनदा, म्हणजे ६२. म्हणून आयची एक सोंगटी राखून ठेवायची, यूची वाट बघत बसायचं नाही, सेटमध्ये यू चारच असतात.

कोल्हापुरी_चप्पल:
एवढं कशाला, क्यू आला की लगेच बदलून टाकायचा. आमच्याकडं सगळे तसंच करतात.

गोटीराम:
पिशवीत सात सोंगट्या तरी शिल्लक असतील तरच बदलता येतं, आणि ती चाल वाया जाते. डाव संपत आला की मार्ग बंद. समोरच्याच्या सोंगट्या आधी संपल्या तर हातातल्या क्यूचे तुमचे १० वजा आणि त्याचे १० जास्त. ठेचाभाऊंचं तेच होत असणार.

पमाकाकू:
कव्वाली चालते का रे त्यात? नातवाने एकदा सांगितलं होतं.

गोटीराम:
कॉलिन्समध्ये चालते काकू, क्यू-ए-डब्ल्यू-डब्ल्यू-ए-एल-आय. सातही सोंगट्या एका चालीत लागतात, २२ अधिक ५० बोनस. पण आख्ख्या सेटमध्ये डब्ल्यू दोनच, दोन्ही आपल्याकडं यायला नशीब लागतं. भारतात स्पर्धा कॉलिन्सवरच होतात, म्हणून ठेचाभाऊंना सारखं विचारतोय डिक्शनरी कोणती.

वऱ्हाडी_ठेचा:
सेटिंगमध्ये बघितलं, अमेरिकन आहे, डाव भावाने सुरू केलेला. म्हणून माझा झेड-ओ परवा घेतला नव्हता का?

गोटीराम:
हो, झेड-ओ कॉलिन्सचा. जे-ए पण. अमेरिकनमध्ये त्याजागी झेड-ए आणि जे-ओ धरा, ते दोन्हीकडे चालतात.

वऱ्हाडी_ठेचा:
मस्त. आणि व्हीचं काय? तोपण अडकतो नेहमी.

गोटीराम:
व्हीचा दोन अक्षरी शब्द दोन्ही याद्यांत एकही नाही. तो असेल तर तीन अक्षरांची जागा आधीपासून बघून ठेव.