'१९२२ समिती'ला मराठीत काय म्हणावं?

ब्रिटनच्या बातम्या मराठीत करताना दर वेळी अडतो. हुजूर (कॉन्झर्व्हेटिव्ह) पक्षाच्या खासदारांच्या या समितीचं नाव '१९२२ समिती' असं लिहिलं की चौकशी समितीसारखं वाटतं. 'हुजूर खासदारांचा गट' चालेल का?

प्रतिसाद १
'गट' नको. आपल्याकडे गट म्हटलं की फुटून निघालेला तुकडा डोळ्यांसमोर येतो. ब्रेक्झिटच्या वेळी पंतप्रधान थेरेसा मे यांना जेरीस आणणारा त्यांच्याच पक्षातल्या खासदारांचा 'युरोपियन रिसर्च ग्रुप' हा खरा गट. १९२२ समितीत मंत्रिपद नसलेले हुजूर पक्षाचे सगळेच खासदार येतात. २०१० पासून मंत्र्यांनाही बसू देतात, पण पदाधिकारी निवडताना त्यांना मत नाही.

सालाचंही सांगून टाकतो. नोव्हेंबर १९२२ च्या निवडणुकीत पहिल्यांदा निवडून आलेल्या खासदारांनी ती १९२३ मध्ये काढली. ऑक्टोबर १९२२ मध्ये कार्लटन क्लबमध्ये हुजूर खासदारांच्या बैठकीत तेव्हाचे पंतप्रधान लॉइड जॉर्ज यांच्याबरोबरची आघाडी मोडायचं ठरलं, त्याच्याशी हिची गाठ मारतात ती उगाच. नाव आहे तसंच ठेवा.

प्रतिसाद २
'हुजूर पक्ष' हाच मुळात टोमणा नाही का? 'परंपरावादी' म्हणा की.

प्रतिसाद ३
टोमणा असेल, पण मजूर-हुजूर ही जोडी वर्तमानपत्रांत इतकी मुरली आहे की आता कुणाला बोचत नाही. 'परंपरावादी पक्ष' मथळ्यात मावतही नाही.

मला खटकतो तो या समितीच्या बातम्यांत नेत्यावरच्या मतदानाला वापरला जाणारा 'अविश्वास ठराव' हा शब्द. अविश्वास ठराव सभागृहात, सरकारविरुद्ध येतो आणि मंजूर झाला तर सरकार अडचणीत. इथे प्रकार निराळा. पक्षाच्या १५ टक्के खासदारांनी समितीच्या अध्यक्षांना पत्रं दिली की नेत्यावर गुप्त मतदान, असा मे-जॉन्सन काळातला नियम. विरोधी पक्षाचा काही संबंध नाही. डिसेंबर २०१८ मध्ये थेरेसा मे २०० विरुद्ध ११७ ने तरल्या, जून २०२२ मध्ये बोरिस जॉन्सन २११ विरुद्ध १४८ ने. (तरले म्हणायचं, पुढच्याच महिन्यात त्यांनी राजीनामा जाहीर केला!) याला 'पक्षांतर्गत विश्वासमत' म्हणावं.

प्रतिसाद ४
आणि 'बॅकबेंचर'? 'मागच्या बाकावरचे' म्हटलं की आमच्या वर्गातली उनाड पोरं आठवतात.

प्रतिसाद ३
'मंत्रिपद नसलेले खासदार' लिहा. 'बिनखात्याचे' मात्र नको, तो मंत्र्याचा प्रकार झाला.

मूळ प्रश्नकर्ता
मग बातमीत असं करतो: 'मंत्रिपद नसलेल्या हुजूर खासदारांच्या १९२२ समितीकडे पुरेशी पत्रं पोचल्याने पक्षनेत्यावर विश्वासमत'. मथळ्याला लांब होतंय.

प्रतिसाद १
मथळ्यात 'हुजूर पक्षनेत्याची स्वपक्षातच कसोटी' एवढंच द्या, समिती पहिल्या परिच्छेदात येऊ दे.