फायबर पिकातच आणता येईल का? (हाय फायबर आट्यानं घरादाराचं पोट फुगलंय)

राजेंद्रनगरची_सून:
नमस्कार मंडळी, सासऱ्यांची शुगर वाढली, डॉक्टर म्हणाले फायबर वाढवा, म्हणून मी ऑनलाइन एक महागडा हाय फायबर आटा मागवला (नाव घेत नै, उगाच भांडण नको), पाकिटावर बारीक अक्षरात इन्युलिन लिहिलं होतं. चार दिवस पोळ्या खाल्ल्या आणि घरात जे वाजायला लागलं ते विचारू नका, सासरे म्हणाले यापेक्षा शुगर परवडली. तर प्रश्न असा की वरून पावडर मिसळण्यापेक्षा जीन बदलून पिकातच असं फायबर आणता येत नै का? भाचा म्हणतो परदेशात बटाट्यात केलंय. खरंय का? आणि तसलं खाल्लं तर पोट फुगणार नै का?

लॅबमधली_ताई:
भाचा बरोबर सांगतोय. इन्युलिन म्हणजे फ्रुक्टोजच्या मण्यांची माळ, टोकाला एक ग्लुकोज. ती तोडायचं एन्झाइम आपल्याकडे नाही, म्हणून ती तशीच मोठ्या आतड्यात जाते, तिथले बॅक्टेरिया ती खातात आणि गॅस करतात. कांदा-लसणातही हेच असतं. आता पिकाचं. १९९८ ला नेदरलँड्समध्ये शुगर बीटमध्ये जेरुसलेम आर्टिचोकचा (नाव आर्टिचोक, पण आहे सूर्यफुलाच्या भाऊबंदातला) एक जीन घातला, तर बीटमधली ९० टक्क्यांहून जास्त साखर फ्रुक्टन (इन्युलिनच्याच जातीची माळ) होऊन बसली! पण माळा अगदी आखूड. मग २००० ला जर्मनीत बटाट्यात खऱ्या आर्टिचोकचे (एक परदेशी भाजी) दोन जीन घातले, एक माळ सुरू करणारा आणि दुसरा पुढे मणी ओवत जाणारा. माळा लांब मिळाल्या, फक्त कोरड्या वजनाच्या ५ टक्केच, आणि तेवढ्यात बटाट्याचा स्टार्च कमी झाला. झाड जेवढी साखर बनवतं तेवढ्यातूनच हे भागवायचं असतं ना. आणि पोटाचं म्हणाल तर पावडरीतलं काय नि बटाट्यातलं काय, रेणू तोच. आखूड माळा पटकन आंबतात, लांब जरा सावकाश, एवढाच फरक. तुम्ही पहिल्याच दिवशी सगळ्या पोळ्या त्याच आट्याच्या केल्या असणार, थोडा थोडा मिसळून सुरू करायचा होता.

महूचा_बटाटेवाला:
ताई, स्टार्च कमी झाला म्हणता तिथेच आमची गोष्ट संपली. चिप्सवाले माल घेताना गाडीतून चार बटाटे काढून चकत्या तळून बघतात, काळ्या पडल्या की गाडी परत, आणि ड्राय मॅटर (पाणी सोडून उरतं ते, मुख्य म्हणजे स्टार्च) कमी निघालं तरी भाव पाडतात. फायबरवाला बटाटा लावायचा तर त्याचे जास्तीचे पैसे कोण देऊन राहिलंय ते अगोदर सांगा.

चक्कीवाला_रामबाग:
वहिनी रागावू नका, पण आमच्या चक्कीवर रोज बघतो, शरबती दळून नेतात, घरी मैद्याच्या चाळणीनं चाळतात, कोंडा गाईला आणि पोळी कशी पांढरी शुभ्र मऊ पाहिजे. मग फायबर पाकिटातूनच येणार. न चाळता खाऊन बघा एक महिना, वर चण्याचं पीठ मिसळा.

राजेंद्रनगरची_सून:
भाऊ चाळते मी, खोटं कशाला बोलू 😅 पण सासऱ्यांना कोंड्याची पोळी घशात टोचते. गव्हात असं काही होत नै का ताई?

लॅबमधली_ताई:
होतं, आणि मला तर बटाट्यापेक्षा तेच जास्त आवडतं, कारण तिथे बाहेरचा जीन घालायचा नाही, गव्हाचाच एक बंद करायचा. स्टार्चमध्ये अमायलोज म्हणजे सरळ साखळी, अमायलोपेक्टिन म्हणजे फांद्या असलेली. साध्या गव्हात अमायलोज साधारण २५ टक्के. साखळीला फांद्या जोडणारं एन्झाइम ऑस्ट्रेलियाच्या सीएसआयआरओ या सरकारी संशोधन संस्थेनं दाबून टाकलं तर २००६ मध्ये अमायलोज ७० टक्क्यांवर गेलं. असला स्टार्च बराचसा न पचताच पुढे जातो, म्हणजे फायबरचंच काम करतो, आणि पीठ दिसायला पांढरंच. पुढे त्यांनी तेच म्युटेशनच्या (मूळ जीनमध्येच बदल झालेल्या) वाणांतून, जीएम (लॅबमध्ये जीन घालून) न करता जमवलं. तोटाही आहे, कणीक पाणी जास्त मागते आणि ब्रेड नीट फुगत नाही. आता आपल्या मालव्याची गंमत, पोळीच्या गव्हात त्या जीनच्या तीन जोड्या, पण कठिया म्हणजे आपला बाफल्यांचा (कणकेचे गोळे उकडून भाजतात ते) गहू, इंदूरच्या गहू केंद्राचा पूसा तेजस वगैरे, त्यात दोनच. तिनाऐवजी दोनच बंद करायच्या, काम तेवढं सोपं.

शंकेखोर_तात्या:
सगळं ठीक, पण इथे परवानगी कोण देतो? बीटी वांगं २०१० मध्ये अडकलं ते अडकलंच. शेतात जीएम म्हणून फक्त कापूस, तोही २००२ चा.

लॅबमधली_ताई:
तात्या, दोन्ही एका तागडीत नका घालू. बटाट्यातला आर्टिचोकचा जीन म्हणजे जीएम, त्याची वाट वांग्याचीच. पण स्वतःचाच जीन एडिट करून बंद केला आणि बाहेरचं काही मागे उरलं नाही, तर २०२२ पासून नियम सैल झालेत, २०२५ मध्ये एडिट केलेले भाताचे दोन वाण जाहीरही झाले. त्यात फायबरचा एकही नाही, तेवढं मात्र खरं.

शंकेखोर_तात्या:
ठीक. पण मी आपला ज्वारीची भाकरीच खाईन.

राजेंद्रनगरची_सून:
सगळ्यांचे आभार. उरलेला आटा आता आठाला एक असा मिसळून संपवते, आणि चाळणी माळ्यावर टाकली. सासऱ्यांना सगळं वाचून दाखवलं, म्हणाले बाफल्यांच्या गव्हात फायबर येत असेल तर माझी काही ना नाही. बाफल्यावरचं तूप कोण मोजणार विचारलं तर पेपर उघडून बसले.