वैभववाडीची गाडी बॉक्साईटच्या भरवशावर मोजायची का?

गूळपेठ (धागा सुरू करणारा)

परवा शाहूपुरीत चहाला बसलो होतो आणि कोल्हापूरहून कोकणातल्या वैभववाडीला जाणाऱ्या नव्या रेल्वेमार्गाचा विषय निघाला. विषय जुनाच आहे. २०१६-१७ च्या अर्थसंकल्पात मार्ग आला, २०२२ मध्ये केंद्राच्या गतिशक्ती योजनेच्या नियोजन गटानं शिफारस केली. लांबी १०७ किलोमीटरच्या वर, अंदाजे खर्च ३,४११ कोटी. तेव्हापासून आपण चहाच पितोय. पण त्या दिवशी एकजण छातीठोक म्हणाला, "रेल्वेला प्रवासी नकोत, टनेज पाहिजे, म्हणजे टनावारी माल. राधानगरीचं बॉक्साईट आहे की, दाखवा ते आकड्यात. मार्ग मंजूर झालाच म्हणून समजा." सगळ्यांनी माना डोलावल्या. मला तिथं उत्तर सुचलं नाही, घरी आल्यावर सुचलं. म्हणून हा धागा.

पहिली गोष्ट नकाशाची. राधानगरीतल्या दुर्गमानवाडीचा दगड, म्हणजे हेच बॉक्साईट, ज्यापासून अ‍ॅल्युमिनियम बनतं, जातो बेळगावच्या अ‍ॅल्युमिना कारखान्याला. बेळगाव कोल्हापूरच्या दक्षिणेला, वैभववाडी पश्चिमेला. नव्या मार्गावर हा माल चढवायचा तर तो आधी समुद्राकडं न्यावा लागेल, आणि तिकडं त्याचं गिऱ्हाईक कोण? जुन्या मार्गानं म्हणाल, तर खाणीवरून ट्रकनं कोल्हापूरच्या मालधक्क्यावर, तिथं चढवा, मिरजेचा वळसा घाला, बेळगावला उतरवा, परत ट्रकमध्ये भरा. हायवेनं सरळ गेलं तर कोल्हापूर ते बेळगाव शंभर-सव्वाशे किलोमीटर. एवढ्या अंतरासाठी दोनदा चढउतार कोण करेल?

दुसरी गोष्ट मुदतीची. २०१५ साली खाण कायदा बदलला. कारखान्याच्या स्वतःच्या वापरासाठी दिलेल्या जुन्या खाणपट्ट्यांना ३१ मार्च २०३० ही तारीख लागली. पुढं लिलाव. कोण घेईल, किती खणेल, दगड कुठल्या कारखान्याला जाईल, हे आज कोणी सांगावं? आणि सड्यावरचा, म्हणजे डोंगरमाथ्याच्या सपाट पठारावरचा, बॉक्साईट म्हणजे जांभ्याच्या थरातली काही मीटरची साय. विहीर नव्हे, की खोल जाल तसं पाणी लागेल. साय काढली की खाली भांडं.

तिसरं, शेजारी बघा. गोव्यात २०१२ मध्ये खाणी बंद पडल्या, पुन्हा सुरू झाल्या, आणि फेब्रुवारी २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं ८८ पट्टे रद्द केले. १६ मार्चपासून काम थांबलं. बार्जवाले, ट्रकवाले, गॅरेजवाले, खाणीच्या नाक्यावरची खानावळ, सगळे एका तारखेला बसले. एका मालावर उभी केलेली वाहतूक त्या मालाच्या कोर्टकचेरीवर जगते.

मला गाडी पाहिजे. पण तिचा हिशेब खाणीवर मांडला, तर खाण अडली की गाडीही अडेल. तो हिशेब साखर, खत, कोळसा, प्रवासी यांच्यावर मांडा. नाहीतर मांडूच नका.

---

शिरोलीचा भट्टीवाला

बॉक्साईटबद्दल बरोबर. निष्कर्ष चूक.

तुम्ही खाण म्हटलं की फक्त राधानगरीकडं बघता. वैभववाडीच्या बाजूला कासार्डे आहे, कणकवली तालुक्यात. तिथली सिलिका वाळू आमच्या फौंड्रीत, म्हणजे लोखंड ओतायच्या कारखान्यात, रोज लागते. साचा वाळूचा, त्याच्या आतला गाभा म्हणजे कोअर, तोही वाळूचा. शिरोली, गोकुळ शिरगाव, कागल, कुठंही जा, गेटवर वाळूचा ट्रक उभा असतो. हा माल घाटाखालून घाटावर येतो, म्हणजे नेमका नव्या मार्गाच्या दिशेनं. आज तो फोंडा नाहीतर करूळ घाट चढून येतो. पावसात दरड आली की दोन दिवस वाळू नाही, भट्टी थंड. भट्टी थंड ठेवायला काय लागतं ते बिल भरणाऱ्याला विचारा.

आणि "खाणीवर मांडू नका" म्हणणं सोपं आहे. साखरेला ट्रक मिळतो, प्रवाशाला एसटी मिळते. रेल्वेला जड, स्वस्त, रोजचा माल लागतो. असा माल जमिनीतूनच येतो. साळसूद होऊन चालत नाही.

---

गूळपेठ

सिलिकाचा मुद्दा माझ्या डोक्यात नव्हता, मान्य. पण तुमच्याच धंद्यात वापरलेली वाळू परत वापरायची यंत्रं आली आहेत ना? ती बसली की नवी वाळू कमी लागणार. मग तीसुद्धा आटणारी विहीरच की.

---

शिरोलीचा भट्टीवाला

आली आहेत. मोठ्यांनी बसवली आहेत. माझ्यासारख्याला त्याचा हप्ता परवडेल तेव्हा या पेढे खायला.

---

धुरळा_उडवणारा

सगळं इंजिनेरी बोलालाय. आमचं कोण ऐकणार?

माझी एक गाडी हाय, दहा चाकी. हप्ता अजून संपला न्हाई. दिवाळीनंतर सड्यावर लोड मिळतोय, पावसाळ्यात खाण बंद, तवा मिळंल ती खडी, वाळू. गूळपेठवाल्या दादानं गोव्याचं लिवलं, ते वाचून पोटात गोळा आला. पण दादा, तू गाडीच्या बाजूनं बोललास काय आन् भट्टीवाला बोलला काय, रेल्वे आली तर आमचा लोड गेला. मग आमच्या हप्त्याचं कोण बघणार?

रस्ता खराब होतोय म्हणून लोक आमच्या गाड्या अडवत्यात. टायर आमचाच फुटतोय की तिथं.

---

मालबाबू_निवृत्त

मी रेल्वेत मालवाहतूक विभागात नोकरी केली. दोन-तीन गोष्टी दुरुस्त करतो.

एक. गूळपेठ, २०३० बद्दल अर्धं वाक्य राहिलं. जुन्या खाजगी वापराच्या पट्ट्यांना ३१ मार्च २०३०, किंवा नूतनीकरणाची मुदत, किंवा मंजुरीपासून पन्नास वर्षं, यांत जे उशिरा असेल ते. शिवाय लिलावात जुन्या पट्टेदाराला पहिला हक्क आहे, म्हणजे दुसऱ्यानं लावलेला सर्वांत चढा भाव त्यानं दिला तर खाण त्याच्याकडंच राहते. तेव्हा ती एका रात्रीत बंद होणार नाही. मात्र भाव चढला की दगड महागणार, आणि दगड महागला की वाहतुकीतून पैसे काढायला बघणार. दबाव पहिल्यांदा ट्रकभाड्यावर येतो. धुरळा, तुम्हाला भीती रेल्वेची वाटते, माझ्या मते ती लिलावाची वाटायला हवी.

दोन. रेक, म्हणजे एक अख्खी मालगाडी, काय असते ते समजून घ्या. अठ्ठावन्न-एकोणसाठ उघड्या वाघिणी, म्हणजे मालडबे, साडेतीन-चार हजार टन. ट्रकमध्ये वीस-पंचवीस टन धरा, एका रेकला दीडशेच्या वर ट्रक लागतात. ते सगळे धक्क्यावर ठरलेल्या तासांत खाली झाले पाहिजेत, नाहीतर डॅमरेज, म्हणजे उशिराचा दंड, चढतं. भट्टीवाले साहेब, तुमची वाळू शंभर छोट्या फौंड्र्यांची. रेक कोण भरणार, कोणाच्या नावावर? माल कितीही असो, तो एका धन्याचा नसला की रेल्वेकडं येत नाही, हे मी खिडकीच्या आतून पाहिलंय. खाणीची मालगाडी रेल्वेला आवडते ती त्यामुळं. भरणारा एक, उतरवणारा एक, कागद एक.

तीन. पावसाळ्यात खाण बंद, आणि खाणीचा हंगाम तोच जो उसाचा हंगाम. म्हणजे ऑक्टोबर ते मे सगळ्यांना वाघिणी पाहिजेत आणि जून ते सप्टेंबर रूळ मोकळे. याचा विचार कोणी केलेला दिसला नाही.

आणि एका गिऱ्हाईकाची गंमत सांगतो. छत्तीसगडमधल्या बैलाडिल्याचं लोहखनिज विशाखापट्टणमला न्यायला साठच्या दशकात डोंगर फोडून किरंदुल मार्ग घातला. पुढं एका पोलाद कंपनीनं खनिज पाण्यात कालवून २६७ किलोमीटरच्या पाइपातून न्यायला सुरुवात केली. खाण जिवंत, कारखाना जिवंत, आणि त्या मालाला रेल्वेची गरज उरली नाही.

---

बिंदू_चौक

मालबाबू, पण किरंदुल मार्ग ओस तर पडला नाही ना? बाकीचा माल एवढा आहे की तिथं दुहेरीकरण काढलं. अर्धी गोष्ट तुम्हीपण सांगताय.

आणि गोव्याचं उदाहरण सगळ्यांना पाठ, कोलारचं कोणी सांगत नाही. सोन्याची खाण २००१ मध्ये बंद झाली. बंगारपेठहून मारिकुप्पमला जाणारा फाटा खाणीसाठीच होता. आज त्याच रुळावरून कोलारची माणसं रोज बंगळूरला कामाला जातात. रूळ नसते तर ते गाव खाणीबरोबरच संपलं असतं. खाण मरते हो, रूळ राहतात. एकदा घालून तर घ्या, कोणत्या का निमित्तानं होईना!

आपली कोल्हापूर-मिरज लाईन बघा. शाहू महाराजांच्या हस्ते १८८८ मध्ये कामाचा प्रारंभ झाला, १८९१ मध्ये गाडी सुरू. तेव्हा कुठली खाण दाखवली होती? संस्थानानं पैसे घातले.

---

गूळपेठ

कोलारच्या फाट्याला बंगळूर मिळालं. गगनबावड्याच्या फाट्याला कोण मिळणार? आणि "निमित्त कोणतंही" म्हणताय ते मला खटकतं. आकडे एका मालावर दाखवायचे आणि मनात दुसरंच, असं केलं की खाण अडखळल्याच्या दिवशी फाईलवर शेरा येतो, 'वाहतूक अपुरी'. मग शाहू महाराजांचा फोटो दाखवून उपयोग नाही.

संस्थानाचा दाखला मात्र माझ्याच बाजूचा आहे. खाण न दाखवता रूळ आले, हेच तर मी म्हणतोय.

---

भोगावतीकाठ

माझं माहेर राधानगरी तालुक्यातलं. इतका वेळ सगळे टन मोजताय, सड्याचा दुसरा उपयोग कोणी लिहिला नाही.

जांभा सच्छिद्र असतो. पावसाचं पाणी तो पिऊन ठेवतो आणि खालच्या वाडीच्या झऱ्याला हळूहळू सोडतो. भोगावती, तुळशी, कुंभी, कासारी, सगळ्यांचं पाणी या डोंगरांतून येतं. तुम्ही शहरात पंचगंगा म्हणून पिता ते हेच. वरची साय काढली की भांडं राहतं असं गूळपेठ म्हणाले. भांडं राहत नाही, चाळण राहते. कंपन्या खड्डे बुजवून झाडं लावतात, मी पाहिलीत, हिरवी दिसतात. पण सड्यावर मुळात झाडं नसतात हो, तिथं गवत आणि पावसाळी फुलं असतात. गवे त्या गवतावर येतात. दाजीपूरचं अभयारण्य गव्यांसाठी १९५८ पासूनचं आहे, २०१२ पासून राधानगरी जागतिक वारशाच्या यादीत आहे, आणि आम्ही अजून दगडाचा भाव करतोय.

खाणीचं भविष्य अनिश्चित आहे म्हणून तुम्हाला रेल्वेची काळजी. मला वाटतं ते अनिश्चित आहे हेच बरं आहे. आणि नवा मार्ग कुठून जाणार, बोगद्याची माती कुठं टाकणार, तेही विचारा.

एक मात्र सांगते. जुन्या खाणपट्ट्यांना रॉयल्टीच्या ३० टक्के रक्कम जिल्हा खनिज प्रतिष्ठानला, म्हणजे खाणीची झळ बसणाऱ्या गावांसाठीच्या निधीला, द्यावी लागते, लिलावातल्यांना १० टक्के. म्हणजे मालबाबूंचा लिलाव झाला की त्या निधीत येणारा वाटा कमी होणार. खाण राहून वाडीचा वाटा घटणार, हे तुमच्या हिशेबात धरा.

---

मालबाबू_निवृत्त

ताई, यातली दुसरी बाजूही आहे. लिलावात कंपनी सरकारला वरचा हप्ता देते, तो कधीकधी रॉयल्टीच्या कितीतरी पट असतो. पण तो जातो राज्याच्या तिजोरीत. वाडीला काय मिळेल याबद्दल तुमचं म्हणणं खरं आहे.

---

धुरळा_उडवणारा

ताई तुमचं पाण्याचं पटतंय. आमच्या वाडीचा झरा पण आता मार्चलाच आटतोय. पर मग मी गाडी कुठं लावू ते पण सांगा. झाडं लावायच्या कामाला दहा चाकी लागत न्हाई.

---

भोगावतीकाठ

ह्याला माझ्याकडं उत्तर नाही, दादा. खोटं सांगत नाही.

---

शिरोलीचा भट्टीवाला

मालबाबूंच्या "रेक कोण भरणार" ला उत्तर देतो. आमच्या फौंड्रीवाल्यांची संघटना आहे, कोळसा आणि पिग आयर्न एकत्र घ्यायचे विषय तिथं निघतात. वाळूपण एकत्र मागवता येईल. अवघड आहे, कारण प्रत्येकाला आपलाच पुरवठादार सगळ्यात स्वस्त वाटतो. पण अशक्य नाही.

आणि धुरळाभाऊ, वाळू कोल्हापुरात गुळ मार्केटच्या मालधक्क्यावर उतरली तरी तिथून शिरोली-कागलला ट्रकच लागणार. लोड जाणार नाही, लहान होईल. घाट चढायचा नाही, डिझेल वाचेल, रात्री घरी जाल.

---

धुरळा_उडवणारा

लहान लोडवर मोठा हप्ता फिटत न्हाई साहेब. पर रात्री घरी हे खरं हाय.

---

मालबाबू_निवृत्त

सगळं हवेत चाललंय. भट्टीवाले, घाटातून महिन्याला वाळूचे किती ट्रक येतात, आकडा आहे का कोणाकडं? अंदाज नको. रेकला दीडशे लागतात हे मी सांगितलं. आठवड्याला तेवढे असतील तर बोलण्यात अर्थ आहे, नसतील तर गूळपेठ म्हणतात ते खरं.

---

शिरोलीचा भट्टीवाला

आकडा नाही. पण मोजता येईल. या शनिवारी सकाळी करूळ घाटाच्या माथ्यावर, गगनबावड्याला जाऊन बसतो, कोणाला यायचं असेल तर या. भजी माझ्याकडून.

---

गूळपेठ

मी येतो. वही आणतो.

---

धुरळा_उडवणारा

शनिवारी नगा येऊ. शनिवारी निम्म्या गाड्या उभ्या असत्यात. मंगळवारी या, पहाटं. आन् एक माणूस फोंड्यात पण बसवा, नायतर निम्मी वाळू तिकडनंच जायची आन् तुमी म्हणणार ट्रकच न्हाईत.