गाइडन्स आणि कंट्रोल, दोन्ही 'नियंत्रण'च?

अनुस्वार: क्षेपणास्त्रांवरच्या एका लेखाचा अनुवाद करतेय. कुठे वळायचं हे ठरवतं ते गाइडन्स, पंख हलवून प्रत्यक्ष वळवतं ते कंट्रोल. मी 'मार्गदर्शन' आणि 'नियंत्रण' लिहिलं होतं. संपादकांचं म्हणणं, मार्गदर्शन माणसांना करतात. त्यांनी दोन्हीकडे 'नियंत्रण' केलं. आता वाक्य झालंय, 'नियंत्रणाची आज्ञा नियंत्रण पाळते'. शिवाय शत्रूचे रेडिओ-संदेश बिघडवण्याला, म्हणजे जॅमिंगला काय म्हणावं?

वेलांटी: मार्गदर्शनच ठेवा. जॅमिंगला 'संदेशरोध'.

खरखर: रोध नको! मूळ लहर कुणी अडवत नाही, ती पोचतेच. त्याच वारंवारितेवर एवढा कल्ला करतात की रिसीव्हरला ती वेगळी ओळखता येत नाही. जर्मनांनी ९ सप्टेंबर १९४३ला रेडिओने वळवलेल्या 'फ्रिट्झ-एक्स' बाँबने इटलीची 'रोमा' युद्धनौका बुडवली. मग दोस्त राष्ट्रांनी जहाजांवर जॅमर चढवले आणि त्या रेडिओ-आज्ञांवर कल्ला सुरू केला. पुढे कित्येक रणगाडाभेदी क्षेपणास्त्रांना आज्ञा मागे उलगडत जाणाऱ्या बारीक तारेतून देऊ लागले. तिथे रेडिओच नाही, जॅम काय करणार? स्वतःचं वळणं आणि वेगातला बदल मोजणाऱ्या जायरोस्कोप आणि त्वरणमापकावर चालणाऱ्या क्षेपणास्त्रांनाही बाहेरचा संदेश लागत नाही. फक्त त्यांची चूक वेळेबरोबर साचत जाते.

वेलांटी: मग 'कल्ला' छापणार? तांत्रिक मजकुराला भारदस्त शब्द हवा.

रफार: भारदस्त कशाला, नेमका हवा. कल्ला वेगळा, हूल वेगळी. रडारची लहर टिपून तिचा खोटा प्रतिध्वनी जरा उशिरा परत पाठवला की विमान आहे त्यापेक्षा लांब दिसतं. ही हूल. दोन्हींना 'जॅमिंग' म्हणून इंग्रजीतच गोंधळ आहे, आपण का उचलावा?

खरखर: हूल उत्तम! आणि काही क्षेपणास्त्रं कल्ला करणाऱ्या जॅमरवरच नेम धरतात. त्याला आपल्याकडे दशरथापासून शब्द आहे: शब्दवेध.

वेलांटी: शब्द म्हणजे ध्वनी. रेडिओलहर ध्वनी नव्हे. हे मला अजिबात मान्य नाही.

रफार: अर्थ ताणल्याशिवाय भाषा वाढते का? 'आकाशवाणी'त तरी आकाश कुठे बोलतं?

पाणिनीप्रेमी: मुळात 'क्षेपणास्त्र'च चुकीचा. 'अस्' म्हणजे फेकणे, फेकायचं ते अस्त्र. त्यात पुन्हा 'क्षेपण'!

खरखर: फेकल्यावरही जे आज्ञा ऐकतं, ते निव्वळ अस्त्र कसं?

पाणिनीप्रेमी: मग 'क्षेपण' काढा आणि ते ऐकणं दाखवणारा शब्द जोडा. धातूपासून सुरुवात करू.