टॉर्चचा निर्देशक दिवा वापरताना लाल आणि थोड्या वेळाने पुन्हा हिरवा होतो, याचा अर्थ काय घ्यावा?

मळेकरी

नमस्कार. आमचा मळा नारायणगावाजवळ आहे. शेतीपंपांना रात्रीची वीज असते त्या आठवड्यात मला मध्यरात्रीनंतर विहिरीवर जाऊन मोटार सुरू करावी लागते. वाटेच्या दोन्ही बाजूंना ऊस आहे आणि जुन्नर तालुक्यातल्या बिबट्यांविषयी वेगळे सांगायला नको, त्यामुळे हातात भरवशाची बॅटरी असणे ही आमच्याकडे चैन राहिलेली नाही. आठ-नऊ महिन्यांपूर्वी मी 18650 या आकाराच्या, पुन्हा चार्ज होणाऱ्या लिथियम-आयन सेलवर चालणारा आणि यूएसबी-सी केबलने चार्ज होणारा टॉर्च घेतला. त्याच्या बटणाच्या मधोमध मुगाच्या दाण्याएवढा दिवा आहे, तो हिरवा, पिवळा आणि लाल असे रंग बदलतो.

अडचण अशी की घरातून निघताना हा दिवा हिरवा असतो, पण बांधावर पोहोचून प्रकाश पूर्ण केला की चार-पाच मिनिटांत तो पिवळा आणि मग लाल होतो. परवा लाल दिसल्यावर मी मोटार सुरू न करताच मागे फिरलो आणि घरी येऊन ओट्यावर बसून पुन्हा बटण दाबले, तर दिवा हिरवा! माहितीपत्रकात ‘हिरवा भरपूर, पिवळा मध्यम, लाल चार्ज करा’ यापलीकडे एक अक्षर नाही. हा दिवाच बिघडला आहे का?

आणखी दोन शंका आहेत. वडिलांना जन्मापासून लाल आणि हिरव्यातला फरक कळत नाही, त्यांनी हा दिवा कसा वाचावा? आणि मोबाइलच्या नव्या चार्जरची दोन्ही टोकांना सी असलेली केबल लावली की टॉर्च चार्जच होत नाही, दिवाही लागत नाही, असे का होत असावे?

सोल्डरगन

दिवा बिघडलेला नाही, आपण त्याला भलताच प्रश्न विचारत आहात. सेलमध्ये किती वीज शिल्लक आहे, हे तो दिवा मोजत नाही. त्या क्षणी सेलच्या दोन टोकांवर किती व्होल्ट आहेत तेवढेच तो पाहतो, आणि ठरवून दिलेल्या आकड्याच्या खाली व्होल्टेज उतरले की रंग बदलतो. लिथियम-आयन सेल पूर्ण भरल्यावर 4.2 व्होल्ट असतो आणि 3 व्होल्टच्या आसपास तो रिकामा धरतात.

आता सेलला स्वतःचाही अंतर्गत रोध, म्हणजे विजेच्या वाटेतला अडथळा, असतो. पूर्ण प्रकाशाला टॉर्च सुमारे 3 अँपिअर ओढत असेल आणि सेल चांगला असून त्याचा रोध 0.05 ओहम असेल, तर 0.15 व्होल्ट आतच खर्च होतात. सेल जुना किंवा हलक्या प्रतीचा असून रोध 0.15 ओहम असेल, तर 0.45 व्होल्ट जातात. म्हणजे स्वस्थ बसलेला 3.8 व्होल्टचा सेल चालू स्थितीत 3.35 दाखवतो आणि दिवा लाल होतो. टॉर्च बंद केला की ओढ थांबते, व्होल्टेज पुन्हा वर येते आणि ओट्यावर आपल्याला हिरवा दिसतो. दोन्ही वेळा दिवा खरेच बोलत होता.

म्हणून रंग पाहायचा तो नेहमी एकाच स्थितीत पाहावा. टॉर्च बंद करून दोन-तीन मिनिटे थांबावे, मग सर्वांत मंद प्रकाशावर लावावा आणि तेव्हा दिसेल तो रंग धरावा. हिरव्याचा लाल व्हायला पूर्ण प्रकाशात किती वेळ लागतो, त्यावरून मात्र सेलची प्रकृती कळते, आणि चार-पाच मिनिटे हे लक्षण मला बरे वाटत नाही. सेलवर क्षमता किती छापली आहे? आणि किराणा दुकानातल्या इलेक्ट्रॉनिक काट्यावर त्याचे वजनही करून सांगावे.

केबलचे कारण वेगळे आहे. दोन्ही टोकांना सी असलेल्या केबलमध्ये समोरच्या उपकरणाने विशिष्ट रोधाने आपली ओळख पटवल्याशिवाय चार्जर वीज सोडतच नाही. ती ओळख पटवणारे 5.1 किलोओहमचे दोन रेझिस्टर काही स्वस्त टॉर्चमध्ये बसवलेले नसतात. तेव्हा चार्जरकडे चपटा, जुना यूएसबी-ए असलेली केबल वापरावी, काम होईल.

कडेकपारी

वरील उत्तराशी मी सहमत आहे, फक्त एक भर घालते, कारण कळसूबाईच्या रात्रीच्या चढाईत आमच्या गटात यावरून नेहमी गोंधळ उडतो. प्रकाश आपोआप मंद होणे आणि दिवा लाल होणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पूर्ण प्रकाशात टॉर्चचे डोके तापते आणि आतले सर्किट उष्णता आवरण्यासाठी प्रकाश मुद्दाम उतरवते. प्रकाश उतरला पण निर्देशक हिरवाच आहे, तर सेलला दोष देऊ नये, टॉर्च थंड होऊ द्यावा. दोन्ही एकदम झाले तर मात्र सेल बदलण्याची तयारी ठेवावी.

सर्व टॉर्चांची रंगभाषा एक नसते, हेही लक्षात असावे. फिनिक्स कंपनीच्या अनेक टॉर्चांत स्थिर हिरवा म्हणजे 100 ते 85 टक्के, लुकलुकणारा हिरवा 85 ते 50, स्थिर लाल 50 ते 25 आणि लुकलुकणारा लाल त्याहून कमी, असे टप्पे आहेत. अँड्युरिल नावाची प्रणाली असलेल्या हौशी लोकांच्या टॉर्चांत पूर्ण भरलेला सेल जांभळा दिसतो आणि उतरताना निळा, आकाशी, हिरवा, पिवळा असे करत लालवर येतो. तिथे हिरवा म्हणजे निम्मा रस्ता सरलेला. दुसऱ्याचा टॉर्च हातात घेऊन ‘हिरवा आहे, चला’ असे म्हणणारे आमच्याकडे पुष्कळ आहेत.

वडिलांसाठी एक घरगुती उपाय सुचवते. लाल जिलेटिन पेपरचा लहान तुकडा त्या दिव्यावर चिकटपट्टीने लावावा. तो हिरवा प्रकाश अडवतो आणि लाल जाऊ देतो. अशा लहान दिव्यात पिवळा रंग बहुधा लाल आणि हिरवा एकदम लावूनच केलेला असतो, म्हणून पिवळ्यातला लालही दिसेल. म्हणजे दिवा विझल्यासारखा दिसला तर हिरवा आणि उजळ दिसला तर पिवळा किंवा लाल. रंग ओळखायची गरजच उरत नाही. काहींना लाल रंगच अंधूक दिसतो, त्यांनी उलट हिरवा कागद लावावा, तिथे विझलेला म्हणजे लाल.

मळेकरी

दोघांचेही मनापासून आभार. जुन्या केबलने टॉर्च लगेच चार्ज होऊ लागला. सेलवर क्षमता 9900 एमएएच (मिलिअँपिअर-तास) अशी ठळक छापली आहे आणि वाण्याच्या काट्यावर त्याचे वजन 31 ग्रॅम भरले. हे कमी आहे का? आणि चार्जिंगला लावल्यावर दिवा अवघ्या 40 मिनिटांत हिरवा झाला, त्यामुळे मी तर खूश झालो होतो.

सोल्डरगन

खूश होण्यासारखे त्यात काही नाही. चांगला 18650 सेल साधारण 45 ते 48 ग्रॅमचा असतो आणि त्याची खरी क्षमता 2500 ते 3500 एमएएचच्या घरात असते. या आकाराच्या डब्यात 9900 मावतच नाहीत, त्यामुळे तो आकडा वाचल्याबरोबर सेल खाली ठेवावा.

चार्जिंगच्या हिरव्याचा अर्थही नीट समजून घ्यावा. अशा टॉर्चमधले चार्जिंगचे सर्किट आधी ठरावीक करंट देते आणि 4.2 व्होल्ट गाठल्यावर व्होल्टेज तेवढेच धरून करंट हळूहळू उतरू देते. नेहमीच्या टीपी4056 चिपमध्ये तो ठरवलेल्या करंटच्या एक दशांशावर आला की लाल दिवा जाऊन ‘पूर्ण’ची खूण लागते. थोडक्यात, सेल आणखी घेत नाही एवढेच तो हिरवा सांगतो, आणि लहान तांब्या घागरीच्या आधी भरतो. आपले चार्जिंग 1 अँपिअरने होत असेल, तर 40 मिनिटांत फार तर 670 एमएएच आत गेले. सेल तेव्हा जवळजवळ रिकामा होता का, हे आपणच सांगू शकाल; असेल, तर त्याची सगळी क्षमता जेमतेम तेवढीच.

नवा सेल घेताना लांबी मोजून घ्यावी, कारण आत संरक्षक सर्किट असलेला सेल 65 मिलिमीटरऐवजी 69-70 पर्यंत भरतो आणि काही टॉर्चांत बसत नाही. बदलताना टोपणाचे आटे आणि स्प्रिंग कोरड्या फडक्याने पुसून घ्यावे, तिथल्या मळानेही व्होल्टेज पडते. जुना सेल उकिरड्यावर टाकू नये, दोन्ही टोकांना चिकटपट्टी लावून ई-कचरा घेणाऱ्याकडे द्यावा.

मळेकरी

सेल रिकामाच होता, आदल्या रात्री टॉर्च आपोआप बंद पडला होता. नारायणगावात नामांकित कंपनीचा 3000 एमएएचचा सेल मिळाला, वजन 46 ग्रॅम. काल रात्री विहिरीपर्यंत जाऊन, मोटार सुरू करून, पाटाचे पाणी दोन वाफ्यांना लावून परत येईपर्यंत पाऊण तास गेला. त्यातली पंधराएक मिनिटे पूर्ण प्रकाश होता आणि दिवा एकदाच, शेवटी शेवटी पिवळा झाला, तोही बंद करून थांबल्यावर पुन्हा हिरवा. वडिलांच्या टॉर्चला लाल जिलेटिन लावले आहे. ते म्हणाले, “काळा असेल तर जायचं, उजळ असेल तर चार्जिंगला लावायचं, एवढंच ना?”